काउंटरची उंची

नव्या मुख्यालयाचा नकाशा टेबलावर पसरला, तसा पोलीसप्रमुखांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागदाला जवळजवळ नाक लावलं. जवळचं त्यांना चष्म्याशिवायच नीट दिसायचं. तळमजला, मोठा दरवाजा, डाव्या हाताला बाकं, समोर तक्रार घेण्याचं काउंटर. काउंटरवर एक बारीक दुहेरी रेघ होती.

"ही रेघ कसली?"

"काच आहे, साहेब," इंजिनिअर म्हणाला. "चांगली जाड. बोलायला मध्ये जाळी, कागद सरकवायला खाली फट."

"कोणाच्या डोक्यातून आली?"

इंजिनिअर घुटमळला. नगरसभेच्या बांधकाम खात्यातला हा माणूस ठेकेदारांना उभं-आडवं घ्यायचा, पण या खोलीत त्याची जीभ जपून चालायची. "तुमच्याच लोकांकडून मागणी आलीय. काउंटरवरच्या ताईंकडून."

"काहीतरी घोटाळा होतोय तुमचा."

"घोटाळा कसला? त्या स्वतः साइटवर आल्या होत्या. विटांच्या ढिगावर चढून हाताने दाखवलं, इथपासून तिथपर्यंत पाहिजे म्हणून. मी म्हटलं, साहेबांना विचारलंत का? तर म्हणाल्या, साहेब नकाशात बघतीलच."

साहेबांनी नकाशात बघितलं होतं. ते "बरं" म्हणाले आणि कोठड्यांच्या खिडक्यांकडे वळले. खिडक्यांबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती, तरी त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले.

वर्ष सरता सरता ते निवृत्त होणार होते. इमारत त्यांच्यामागून उघडणार होती, पण नकाशावरची शेवटची सही त्यांची होती. बाकी सगळं त्यांना पसंत होतं. सगळं घोडं अडलं होतं ते त्या दोन रेघांवर. कारण इतक्या वर्षांच्या नोकरीत छातीवर हात ठेवून 'हे मी केलं' म्हणावं अशी त्यांच्या लेखी एकच गोष्ट होती: या शहरातल्या पोलीस ठाण्यांत माणूस आणि पोलीस यांच्यामध्ये साध्या टेबलाखेरीज काही नसतं.

या शहराचं पोलीस दल शहराचंच आहे. प्रमुख नगरसभा नेमते, आणि मनात आलं की घरी पाठवते. त्यामुळे प्रमुख सहसा टिकत नाहीत. हे टिकले. एका महापौराने त्यांना हलवायचा घाट घातला होता, पण त्याआधी त्याचीच खुर्ची हलली. दुसऱ्याने मोठ्या शहरातली मोठी जागा देऊ केली. ती त्यांनी नाकारली आणि कारण दिलं की तिथे त्यांना रस्ते माहीत नाहीत. टिकले म्हणजे सगळं जमलं असं नव्हे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याचा खून त्यांच्या कारकिर्दीत झाला आणि त्याचा छडा कधीच लागला नाही. म्हाताऱ्याची बहीण अधूनमधून यायची. तिला हाताखालच्या माणसाकडे न पाठवता ते स्वतः समोर बसवायचे आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचे की अजून काही नाही.

वडील शिंपी होते. मुलगा पोलिसात जायचं म्हणाला तेव्हा त्यांनी मापाची फीत काढली, भिंतीशी उभं करून उंची घेतली आणि म्हणाले, "कापड कमी पडतंय." भरतीच्या दिवशी मोजणाऱ्याने उंचीची पट्टी केसांवर टेकवली, टाळूवर नाही, म्हणून निवड झाली. हे ते स्वतः चारचौघांत सांगायचे. पहिला गणवेश मिळाला तेव्हा विजारीचं इतकं कापड उरलं की वडिलांनी त्यातून दोन पिशव्या शिवल्या.

त्या काळी ठाण्यातलं काउंटर माणसाच्या छातीला लागायचं. आतल्या बाजूला जाड लाकडी फळीचा ओटा असायचा, म्हणजे पोलीस आपोआप वर आणि तक्रार करणारा खाली. नव्या पोराची नेमणूक तिथेच झाली. एके दिवशी वाळवी लागली म्हणून फळी दुरुस्तीला गेली, आणि आता खुर्चीत बसल्यावर काउंटरवरून त्याचं कपाळ आणि दोन डोळे तेवढे दिसू लागले. त्याच वेळी एक गृहस्थ तणतणत आत शिरला. घरात चोरी झाली होती आणि शेजाऱ्यावर संशय होता. काउंटरशी येऊन त्याने तोंड उघडलं, समोर ते दोन डोळे बघितले आणि त्याला हसू फुटलं. हसता हसता तो खाली बसला, आणि बसल्या बसल्या म्हणाला, "जाऊ द्या हो. माझ्या भावानेच नेलंय. मलाही माहितीय."

सहकाऱ्यांनी त्या दिवसापासून पोराचं नाव फळी ठेवलं. पुढे ते बढती घेत घेत फळीसाहेब झालं. पोराने मात्र त्यातून वेगळंच काही उचललं. माणूस वर मान करून बोलतो तेव्हा एक बोलतो, समोर बघून बोलतो तेव्हा दुसरं बोलतो. प्रमुख झाल्यावर त्यांचा पहिला हुकूम गुन्ह्यांबद्दल नव्हता, सुतारकामाबद्दल होता. सुताराने विचारलं, "किती कापू?" ते म्हणाले, "बसलेल्याला बसलेला दिसेल इतकं." फळ्या जळाऊ लाकडात गेल्या. दोन्ही बाजूंना खुर्च्या आल्या, आणि त्या एकाच दुकानातल्या, एकाच घडणीच्या.

दुसरा हुकूम लोकांच्या पचनी पडायला जड गेला. सगळीकडे काउंटरवर बसवतात ते कंबर धरलेल्याला, निवृत्तीला टेकलेल्याला, नाहीतर साहेबांच्या मनातून उतरलेल्याला. फळीसाहेबांनी तिथे निवडक माणसं बसवली. बढत्या तिथून निघू लागल्या. इतर शहरांतले अधिकारी बघायला येऊ लागले, त्या खुर्चीत बसून फोटो काढून घेऊ लागले. हळूहळू दलात असं झालं की काउंटर मिळणं म्हणजे मान, आणि तिथून उठायचंय म्हणणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं.

त्या निवडक माणसांतही ताई पहिल्या. पोलिसात यायच्या आधी त्या चपलांच्या दुकानात होत्या. "दिवसभर लोकांच्या पायाशी बसून त्यांची कुरकुर ऐकलीय," त्या म्हणायच्या, "इथे निदान खुर्ची आहे." त्यांचा आवाज कधी चढत नसे. आरडाओरडा करत आलेल्याला त्या आधी पाणी विचारायच्या, आणि पाणी पिताना ओरडता येत नाही. एक दारुडा दर काही दिवसांनी गुन्हा कबूल करायला यायचा.

"आज काय केलंत?"

"बँक लुटली."

"मग मुद्देमाल कुठाय?"

"विसरलो कुठेतरी."

"शोधून आणा आधी. रिकाम्या हाताने आलेल्या दरोडेखोराला आम्ही घेत नाही."

तो माफी मागून जायचा.

गेल्या वर्षी एक माणूस आला, ओढून नेलेल्या ट्रकबद्दल विचारायला. तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर ताई सावध झाल्या असत्या. दंड भरल्याशिवाय ट्रक मिळणार नाही हे त्याने नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, टेबलावरचा फोन उचलला आणि कोणाला काही कळायच्या आत त्यांच्या डाव्या कानावर हाणला. त्याला जागच्या जागी धरलं, पुढे शिक्षाही झाली. डावा कान मात्र गेला तो गेलाच.

प्रमुख दवाखान्यात गेले. हातात फुलं होती, काय बोलायचं ते वाटेत ठरवलेलं होतं. "तुझी खुर्ची तुझीच आहे," ते म्हणाले. "तू येईपर्यंत तिथे कायमचं कोणी बसणार नाही." ताईंनी डोळे मिटून मान हलवली. बऱ्या झाल्यावर त्या त्याच खुर्चीत परतल्या. फरक इतकाच की आता त्या बोलणाऱ्याकडे किंचित तिरप्या बसायच्या, उजवा कान पुढे करून.

आणि याच ताईंनी काच मागितली होती.

"तुम्हाला राग कशाचा आलाय?" प्रमुखांच्या पत्नीने विचारलं. त्या गणिताच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या होत्या, पण प्रश्न सोडवायला दिल्यासारखाच टाकायची सवय गेली नव्हती. "काचेचा, की तिने परस्पर मागितली याचा?"

"काचेचा. अगं, काचेतून कोण मन मोकळं करेल? तिकीट काढायला आल्यासारखं वाटेल लोकांना."

"आणि तिला कसं वाटतं?"

"विचारलं तर 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणेल. मी प्रमुख आहे."

"छान. म्हणजे न विचारण्याचं कारणही तुमचं तुम्हीच शोधून ठेवलंय." त्यांनी भाजीची पिशवी ओट्यावर उपडी केली. "अहो, तुम्ही कुठे बसता? वरच्या मजल्यावर. दाराशी शिपाई, जिन्यात दुसरा. तुमच्या टेबलाची उंची किती आहे याने कोणाला काय फरक पडतो?"

प्रमुखांनी पिशवीतून सांडलेली भाजी निवडायला घेतली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर वाद कुठे थांबवावा हे त्यांना कळत होतं.

त्यांनी त्यांच्या पद्धतीने एक केलं. काचवाल्याला बोलावून लाकडी चौकटीत काच बसवून घेतली आणि सध्याच्या मुख्यालयाच्या, त्या जुन्या ठाण्याच्या काउंटरवर उभी केली. जाळी बसवली, फट ठेवली. मग साधे कपडे घालून तक्रारदारांच्या बाकावर, कोपऱ्यात, वर्तमानपत्र घेऊन ते बसले. ठाण्यातल्या सगळ्यांना ते दिसत होते आणि सगळे ते दिसत नसल्यासारखं वागत होते.

पहिल्या दिवशी विशेष काही घडलं नाही. लोक जाळीशी तोंड नेत, ताई उजवा कान जाळीशी नेत, आणि दोघंही "काय? काय?" करत. एका म्हातारबुवांनी काचेवर टकटक करून "आत कोणी आहे का?" विचारलं, तेव्हा ताईंसकट सगळे हसले. पण प्रमुखांनी आणखी एक गोष्ट पाहिली. ताई खुर्चीत मागे टेकून बसल्या होत्या. त्यांनी चहा मागवला आणि गरम असतानाच प्यायला. गेलं वर्षभर त्या खुर्चीच्या कडेवर बसतात आणि त्यांचा चहा टेबलावर साय धरून निवतो, हे प्रमुखांच्या तेव्हा लक्षात आलं. रोज त्या हॉलमधून जाऊनही आधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक तरुण बाई आली. नवऱ्याच्या घरातलं काहीतरी होतं. ती पुटपुटली. ताईंना ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. ताई म्हणाल्या, "कोणी? नवऱ्याने?" त्यावर ती जाळीत तोंड घालून ओरडली, "सासऱ्याने!" बाकावरच्या सगळ्या माना वळल्या. तिने पर्स उचलली आणि ती चालती झाली. ताई बाजूच्या दाराने तिच्यामागे रस्त्यापर्यंत धावल्या. परत आल्या त्या एकट्याच.

प्रमुखांनी वर्तमानपत्राची घडी घातली. काचेविरुद्ध जे म्हणायचं होतं ते सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. तरी घरी जाईपर्यंत त्यांच्या डोक्यात तो गरम चहाच राहिला. लोकांनी मोकळं बोलावं म्हणून टेबल बुटकं ठेवायचं हे धाडस खरं, पण ते होतं ताईंच्या कानाच्या जिवावर केलेलं. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरला बोलावून त्यांनी नकाशावर सही केली. इंजिनिअरने सही जेमतेम वाळू दिली. साहेबांचा विचार बदलण्याआधी पळावं असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मग ते खाली काउंटरवर आले. दुपारची निवांत वेळ होती, बाकं रिकामी होती. काचेची चौकट काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. ते समोरच्या खुर्चीत बसले.

"सही केली," ते म्हणाले. "नव्या इमारतीत काच बसेल."

ताईंनी उजवा कान पुढे केला. "काय म्हणालात?"

"काच. मंजूर."

ताईंनी भिंतीला टेकवलेल्या काचेकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आता काय करायचं!"

"म्हणजे?"

"साहेब, मला वाटलं तुम्ही नाही म्हणाल. अख्ख्या दलाला वाटलं असतं."

"मग मागितलीस कशाला?"

ताईंनी समोरचा स्टेपलर उचलला, उघडला, मिटला. "तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मला म्हणता आलं असतं की काचेशिवाय मी इथे बसणार नाही. भांडून उठले असते. भांडून उठलेलं चालतं आपल्याकडे. घाबरून उठलेलं नाही चालत."

"असं कोण म्हणालं तुला?"

"कोणी म्हणावं लागतं का? तुम्ही दवाखान्यात फुलं घेऊन आलात. म्हणालात, खुर्ची तुझीच. मी काय म्हणणार होते? नको मला, उचला ती खुर्ची?"

"म्हणायचं होतंस."

"तुम्हाला?" ताई हसल्या, आणि त्या हसण्यात कडूपणा नव्हता. "साहेब, तुमच्यासमोर चोर खरं बोलतात हो. आम्ही नाही बोलत."

प्रमुखांनी हे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काचेमागे तुला बरं वाटत होतं. मी बघत होतो."

"वाटत होतं ना. पण ती पोरगी उठून गेली. आता काच असली की कोण उठून जातंय ते बघत बसायचं, आणि नसली की कोणाचा हात कुठून येतोय ते बघत बसायचं. मला दोन्ही नकोय. मला मुद्देमालाची खोली द्या. जप्त केलेल्या वस्तू मांडून ठेवायच्या, धूळ झटकायची. वस्तू एकदम उठून मारत नाहीत."

"कधीपासून जातेस?"

"उद्यापासून म्हटलं तर रागवाल?"

"आत्ता जा," प्रमुख म्हणाले. "हे मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला त्यांनी सगळ्यांना उभं असतानाच सांगितलं, "काउंटरवरून ज्याला उठायचं असेल त्याने हात वर करावा. कारण विचारणार नाही. बढती अडणार नाही."

कोणी हललं नाही. उपप्रमुखांनी घसा खाकरला. मग मागच्या रांगेतून एक हात वर आला, आणि तो पाहून आणखी एक. तिसरा हात होता पहिलवानाचा. दरवाजा आडवा करावा असा तो गडी, गर्दी पांगवायला त्याला नुसतं उभं केलं तरी पुरे व्हायचं.

"तूसुद्धा?"

"साहेब, मला रोज सकाळी पोटात गोळा येतो," पहिलवान म्हणाला. "समोरचा खिशात हात घालतो ना, रुमाल काढायला, तेव्हा तर..." कोणी हसलंही नाही.

इथे काउंटरवर बसणारे एकूण पाच. ताई आधीच उठल्या होत्या. आता हे तिघं. हात खाली ठेवलेल्या उरलेल्या एकाकडे प्रमुखांनी जरा निरखून पाहिलं, पण त्याच्या तोंडावरून काही कळलं नाही.

त्यांनी इंजिनिअरला फोन लावला.

"काच काढू का?" तो आधीच हताश आवाजात म्हणाला.

"काच राहू द्या. काउंटरच्या शेजारी एक खोली काढा. टेबल, दोन खुर्च्या, आणि आतल्या माणसाच्या पाठीशी दुसरं दार. ज्याला ओरडून सांगता येत नाही त्याला तिथे न्यायचं. कोणी न्यायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं."

"साहेब, भिंती उभ्या राहिल्यात. जागा कुठून आणू?"

"मागच्या बाजूला प्रमुखांची पाहुण्यांना भेटायची खोली दाखवलीय. ती घ्या."

"नवे प्रमुख तक्रार करतील."

"करू देत. काउंटरवर येऊन करतील."

नवी माणसं तयार होईपर्यंत जुन्या ठाण्याच्या काउंटरवर कोणीतरी बसायला हवं होतं. रात्रपाळी त्या उरलेल्या एकाकडे गेली, सकाळची पाळी प्रमुखांनी स्वतःकडे घेतली. साहेबांना हे शोभत नाही असं उपप्रमुखांना वाटलं. तसं त्यांनी आडून सुचवलंही, आणि मग दुपारची पाळी त्यांच्या गळ्यात पडली. येणाऱ्या लोकांपैकी फार थोड्यांनी साहेबांना ओळखलं. साध्या सदऱ्यातला तो बुटका, वयस्क माणूस कारकून असावा असं बहुतेकांना वाटलं, आणि ते त्याच्याशी कारकुनाशी बोलावं तसंच बोलले. काउंटरच्या आतून ते टेबल त्यांना आठवत होतं त्याहून अरुंद वाटलं. समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांपासून किती जवळ असतात, हे सुताराला सांगताना त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

एका सकाळी एक मध्यमवयीन माणूस आला. शेजाऱ्याच्या गाडीने त्याच्या घराचं फाटक अडवलं होतं. तो हळू आवाजात, व्यवस्थित बोलत होता. बोलता बोलता तो एकदम पुढे वाकला आणि त्याचा हात टेबलावरून सरळ आत आला.

त्याला पेन हवं होतं. गाडीचा नंबर लिहून द्यायचा होता.

प्रमुखांना तेव्हा कळलं की आपण खुर्ची वीतभर मागे ढकलली आहे. डावा हातही कानापर्यंत गेला होता. तो त्यांनी खाली घेतला. माणसाने नंबर लिहिला, कागद पुढे सरकवला आणि पेन होतं तिथे ठेवलं. त्याला काही जाणवलंही नव्हतं.

प्रमुखांनी खुर्ची पुढे ओढली नाही. तिथूनच हात लांब करून कागद घेतला आणि म्हणाले, "हं, पुढे सांगा."